वारीतले गुडघे

दिवेघाटात गुडघे जातात, असं वारीला कधी न गेलेल्या माणसांकडून मी पुष्कळदा ऐकलं होतं. पुण्याहून माउलींची पालखी सासवडला जाते तो टप्पा सगळ्यात मोठा, तिसेक किलोमीटरचा, आणि त्यात हा घाट. तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात घाट चढताना माझे गुडघे फारसे बोलत नाहीत. दम लागतो, पोटऱ्या भरून येतात, पाठीवरून घाम वाहतो. गुडघे बोलायला लागतात ते त्याच्या आधी, हडपसरला तुकोबांची पालखी लोणीच्या वाटेला लागली की पुढच्या सपाट डांबरावर. आणि घाट चढून वर आल्यावर सासवडपर्यंत जे अंतर उरतं, तिथे तर ते पाऊल टाकू देत नाहीत.

चढावर पाऊल आपोआप लहान पडतं, सावकाश पडतं. वजन उचलायचं काम मांड्यांचे आणि नितंबांचे मोठे स्नायू अंगावर घेतात. सपाट रस्त्यावर प्रत्येक पाऊल आधीच्या पावलासारखंच. तीस किलोमीटर म्हणजे चाळीस हजारांच्या वर पावलं. एकेका गुडघ्याच्या वाट्याला वीस हजारांहून जास्त. नुसतं सपाटीवर चालतानाही गुडघ्याच्या सांध्यावर दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. शेतातून चालताना पाय कधी ढेकळावर पडतो, कधी बांधावर, कधी भुसभुशीत मातीत, आणि भार दर वेळी थोडा वेगळ्या जागी जातो. डांबर एवढी मोकळीक देत नाही. तीच जागा, तोच कोन, तोच दणका.

सिमेंटचा रस्ता डांबरापेक्षा वाईट, असं वारीत सगळेच म्हणतात. मला त्यात फारसं तथ्य वाटत नाही. माणसाच्या पावलाच्या मानाने दोन्ही दगडासारखेच कठीण. फरक पडतो तो पायात काय आहे याने, आणि आपण दिवसभर रस्त्याच्या कोणत्या बाजूने चाललो याने. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडांकडे उतरता बांधतात. मीटरभर रुंदीला दोन-अडीच सेंटिमीटर एवढाच उतार असतो, डोळ्यांना दिसतही नाही. पण सकाळपासून डाव्या कडेने चाललं की डावा पाय सतत खालच्या अंगाला पडत राहतो, कंबर तिकडे झुकते, आणि संध्याकाळी त्या गुडघ्याची बाहेरची बाजू ठणकायला लागते. आमच्या ओळीतल्या बायकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच मनावर घेतलं. प्रत्येक विसाव्यानंतर डावीकडच्या उजवीकडे आणि उजवीकडच्या डावीकडे. दिंडी रस्ताभर पसरून चालते म्हणून हे जमतं. रोज सकाळी हमरस्त्याच्या कडेने फिरायला जाणाऱ्यांना जमत नाही.

पण गुडघ्यांसाठी सगळ्यात मोलाचं जे मला मिळालं, ते परभणीकडच्या एका आजींकडून. सत्तरीच्या पुढच्या, डोक्यावर तुळस, पायात साध्या रबरी चपला. जेजुरीहून वाल्ह्याकडे जाताना मी त्यांच्या शेजारी होते. बराच वेळ त्यांनी माझं चालणं पाहिलं आणि म्हणाल्या, "माउली, पाय लांब टाकू नगं. टाळासंगं टाक." मी म्हटलं, मग मागे पडेन. त्या म्हणाल्या, "मागं पडायला पंढरपूर काय पळून चाललंय व्हय?"

मी त्यांच्यासारखं चालून पाहिलं. अभंगाचा ठेका धरून पाऊल टाकलं की ते आखूड पडतं आणि शरीराच्या बरोबर खाली पडतं. पुढे ताणलेल्या पायावर टाच आपटत नाही. वर्षभर भाजीबाजाराला, बसस्टॉपला, ऑफिसला जाण्याची आमची शहरी चाल म्हणजे लांब ढांगा. घाई असली की आम्ही पावलं वाढवत नाही, ढांग वाढवतो. नंतर एका फिजिओथेरपिस्टबाईंनीही मला तेच सांगितलं: वेग तोच ठेवून पावलं जास्त आणि आखूड टाकली तर गुडघ्यावरचा भार कमी होतो. त्या आजींना हे सांगायला कुठल्या यंत्राची गरज पडली नव्हती. शेकडो वर्षं टाळांच्या चालीवर चालून चालून ही पद्धत या वाटेवरच्या माणसांच्या अंगात मुरली आहे.

म्हणूनच दिंडी सोडून पुढे निघणाऱ्यांची मला काळजी वाटते. पहाटे लवकर निघून, भराभर चालून, दुपारीच तळावर पोचायचं, जागा धरायची, पाय पसरायचे. त्यात आरामाचे तास जास्त मिळतात हे खरं. पण संध्याकाळी मलम चोळत बसलेल्यांमध्ये हीच मंडळी जास्त दिसतात. दिंडीत चालणारा उशिरा पोचतो, मात्र दिवसभरात त्याच्या गुडघ्याला नाना तऱ्हेच्या हालचाली मिळालेल्या असतात. मध्येच पावली होते, मध्येच फुगडी, कुठे दोन पावलं पुढे आणि एक मागे, कुठे नुसतं जागच्या जागी झुलणं. एरवी ज्या सांध्याला एकाच तऱ्हेने वाकायचं आहे, त्याला हा बदल फार हवा असतो.

विसाव्याबद्दल मात्र सावध राहायला हवं. सकाळची न्याहारी, दुपारचं जेवण, मधले छोटे विसावे, यांच्या आधाराने दिवस निभतो. पण झाडाखाली अर्धा तास पाय दुमडून बसलं की उठल्यावरची पहिली शंभर पावलं नकोशी होतात. गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यात जे वंगण असतं त्यातूनच तिचं पोषण होतं, आणि ते वंगण हालचालीने फिरतं. बसून राहिलं की सांधा आखडतो, चाललं की पुन्हा मोकळा होतो. वारीत बायका म्हणतात, "गुडघा धरलाय." हे धरणं दहा-पंधरा मिनिटांत सुटत असेल तर घाबरायचं कारण नाही. मी विसाव्यात पाय लांब करून, पिशवी घोट्यांखाली ठेवून बसते, आणि उठायच्या आधी बसल्या बसल्याच पाय वीस-पंचवीस वेळा दुमडून सरळ करते. उठल्यावर पहिली काही पावलं अगदी आखूड.

चालणं, एवढं सगळं करूनही, मला वारीतला गुडघ्याचा सगळ्यात अवघड भाग वाटत नाही. अवघड आहे ते खाली बसणं आणि उठणं. घरी खुर्ची, पलंग, कमोड. दिवसभरात जमिनीचा संबंध येतोच कुठे? वारीत सगळं जमिनीवर. राहुटीत झोप सतरंजीवर, पंगत जमिनीवर मांडी घालून, आंघोळ टँकरच्या नळाखाली उकिडवं बसून. पूर्ण उकिडवं बसलं की गुडघ्याच्या वाटीमागचा दाब साध्या चालण्याच्या कितीतरी पट होतो. दिवसभर शिणलेला सांधा संध्याकाळी तिथे हात टेकतो. गेल्या काही वर्षांत तळांवर फिरती शौचालयं येऊ लागली ही फार मोठी सोय आहे. पूर्वी बायकांना अंधाराची वाट पाहावी लागे. पण ती बहुतेक भारतीय पद्धतीची. आत धरायला काही नाही, पायाखाली ओल. गुडघे दुखणारी बाई आत गेली की बाहेर दुसरी उभी राहते, दार थोडं लोटून हात देते. यात कुणाला लाज वाटत नाही, आणि मला ते फार मोठं वाटतं.

या अवघडपणाचा एक परिणाम बाहेरून दिसत नाही, आणि तो मला सांगितलाच पाहिजे. पुष्कळ बायका वारीत मुद्दाम पाणी कमी पितात, म्हणजे जायला नको. दिवेघाटाचा दिवस तर बहुतेक वर्षी एकादशीच्या आसपास येतो. मोठा टप्पा, उन्हाचा तडाखा, पोटात साबुदाण्याची खिचडी नाहीतर वरीचे तांदूळ, आणि पाणी मोजून मापून. पोटऱ्यांत गोळे येतात, पाय ओढत पडतो, गुडघा सुजतो. मग रस्त्याकडेच्या वैद्यकीय तंबूत जाऊन दुखण्यावरची गोळी, नाहीतर सरळ इंजेक्शन. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या घेणं मूत्रपिंडांना धोक्याचं असतं, आणि ज्यांना रक्तदाब किंवा मधुमेह आहे त्यांना आणखी जास्त. वारीत येणाऱ्या बायकांपैकी कितीजणींना हे दोन्ही असतं! तंबूतले डॉक्टर विचारतात, पण रांग लांब असते, आणि आपण "काही नाही हो, फक्त गुडघा" म्हणून हात पुढे करतो. आपले आजार, चालू असलेली औषधं आणि आज किती पाणी प्यायलो, हे तीन वाक्यांत आपणहून सांगावं. गोळी घेऊन दुखणं दाबायचं आणि त्याच पायावर आणखी पंधरा किलोमीटर चालायचं, हे तर कोणीच करू नये. रात्री, पोटात अन्न आणि भरपूर पाणी असताना, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घ्यावी.

पंगतीत मी आता छोटं प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन बसते. दिंडीची भिशी, म्हणजे वारीच्या खर्चाची वर्गणी, भरताना सामान किती आणायचं ते सांगितलेलं असतं, त्यात स्टुलाचा उल्लेख नसतो. आमच्या दिंडीच्या ट्रकवाल्या दादांनी ते ताडपत्रीच्या दोरीला बांधून दिलं. पहिल्या दिवशी सगळे खाली आणि मी वर, हे मनाला बोचलं. वारीत कोणी उंच बसत नाही. वाढणारा मुलगा माझ्यापाशी आला, ताटात भाकरी घातली, आणि माझ्या पलीकडच्या काकांना म्हणाला, "माउली, तुम्हालाबी आणू का एक?" त्यानंतर आमच्या पंगतीत स्टुलं वाढत गेली.

काठीविषयी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची. उजवा पाय टेकतो तेव्हा डाव्या हाताने काठी टेकायची, म्हणजे भार वाटला जातो. रस्त्यात दिसणारे निम्मे म्हातारे काठी दुखऱ्या बाजूलाच धरून चालत असतात. मी जमेल तिथे सांगते, बहुतेक जण ऐकतात. अडचण आहे ती टाळकऱ्यांची. टाळाला दोन हात लागतात, काठीला तिसरा कुठून आणायचा? आमच्या दिंडीतले एक टाळकरी बाबा भजन चालू असेपर्यंत टाळ धरायचे, आणि दोन अभंगांमधल्या मोकळ्या वेळात शेजाऱ्याकडे दिलेली काठी घ्यायचे. टाळ सोडा म्हणण्याची माझी छाती झाली नाही, आणि ती होऊ नये हेच बरं.

पायाला फोड आला तरी गुडघाच दुखतो, हेही वाटेवरच शिकायला मिळतं. फोड वाचवायला पाऊल वाकडं पडतं, आणि ते वाकडेपण वर गुडघ्याला निस्तरावं लागतं. ओले मोजे लगेच बदलावेत. नवे बूट वारीसाठी म्हणून आदल्या आठवड्यात घेऊ नयेत. सुईने दोरा ओवून फोड फोडण्याची जुनी रीत मी सोडली, कारण चिखलातून चालताना तो दोरा घाण आत नेतो.

लोणंद, तरडगाव, फलटण. इथवर शरीर बऱ्यापैकी सरावतं. सरावत नसेल, तर काय दुखतंय हे शांतपणे पाहावं. वाटीच्या मागे, बसता-उठताना दुखणं वेगळं. सांधा फुगून गरम होणं वेगळं. गुडघा अडकत असेल, चालताना एकदम दगा देत असेल, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर चालणं थांबवून डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. तिथे सहनशक्तीचा प्रश्न येत नाही.

आणि ट्रकमध्ये बसावं. हे मी ठामपणे सांगते, कारण यावरून वारीत अश्रू येतात. फलटणला एका बाईंचा गुडघा एवढा सुजला होता की लुगड्यावरूनही दिसत होता. दिंडीप्रमुख महाराजांनी त्यांना दोन टप्पे गाडीतून यायला सांगितलं, तेव्हा त्या रडू लागल्या, की माझी वारी मोडली. महाराज त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आई, माउलीसुद्धा रथात बसूनच चालल्यात." त्यावर त्यांना बोलता आलं नाही. त्या गाडीतून आल्या, तळावर आमच्या आधी पोचल्या, आणि आम्ही पोचेपर्यंत त्यांनी भाजी निवडून ठेवली होती. पुढे माळशिरसच्या अलीकडे त्या पुन्हा चालायला लागल्या.

पाय चोळून देणारी माणसं वाटेवर ठिकठिकाणी भेटतात. शाळांच्या व्हरांड्यांत, मांडवांत तेलाच्या बाटल्या घेऊन बसलेली तरुण मुलं-मुली. एका गावी कॉलेजातली एक मुलगी माझ्या पायाशी बसली. मी पाय मागे घेतला. कुणी आपल्या पायाला हात लावावा हे आम्हाला जड जातं. तिने तो हळूच पुढे ओढून मांडीवर घेतला. फुगलेल्या वाटीवर तिने जोर दिला नाही. मांडीचे पुढचे स्नायू वरपासून खालपर्यंत मोकळे केले, मग पोटरी, मग तळवा. हेच बरोबर आहे: वाटीला ओढून धरणारी मांडी सैल झाली की गुडघ्याचा निम्मा ताण जातो. शेवटी तिने माझ्या पावलांवर डोकं ठेवलं आणि पुढच्या वारकऱ्याकडे वळली. मी तिचं नावही विचारलं नाही, आणि त्या मांडवातून बाहेर पडताना मला रडू आवरेना.

सोलापूर जिल्ह्यात शिरल्यावर गोल रिंगणं सुरू होतात. पुरंदावडे, खुडूस, ठाकूरबुवांची समाधी, वाखरी. अश्व धावतात ते सगळे पाहतात, त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. माझं लक्ष आणखी एका गोष्टीकडे असतं. इतके दिवस डांबरावर चाललेले पाय त्या माळावर शिरतात, आणि जमीन पावलाखाली दबते. टाच खाली जाते, बोटं पसरतात. मग लोक उड्या मारतात, फुगड्या घालतात, सत्तरीची माणसं मुलांसारखी नाचतात. कालपर्यंत पायरी उतरताना कण्हणारे गुडघे तिथे कसे काय चालतात, याचं उत्तर भक्तीत आहे हे मी मानते. आणि थोडं त्या मातीत आहे, हेही मानते.

वेळापूरच्या अलीकडे धावा होतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून उतारावरून सगळे धावतात. उतार गुडघ्यांना चढापेक्षा पुष्कळ कठीण. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवरून धरत असतात, आणि वाटीवरचा दाब वाढतो. मी कडेने, तिरकी, गुडघे किंचित वाकवून, आखूड पावलांनी उतरते. माझ्यापुढून हजारो माणसं धावत जातात. मला त्यांच्याइतकाच आनंद होतो.

वाखरीहून पंढरपूर अगदी जवळ, पण त्या दिवशी चालण्यापेक्षा उभं राहणंच जास्त. आणि कठीण जमिनीवर नुसतं उभं राहणंही गुडघ्यांना जड जातं. दर्शनाची रांग तर एकादशीच्या सुमारास कित्येक तासांची असते. मी चंद्रभागेत स्नान करते, नामदेव पायरीला हात लावून कळसाचं दर्शन घेते आणि परतते. कळस पाहून वारी पोचती करण्याची रीत जुनीच आहे. लाखो वारकरी पिढ्यान्‌पिढ्या तसंच करत आले.

आळंदीपासून पंढरपूरपर्यंतचा हा अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आता झपाट्याने बदलतो आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली: ज्ञानेश्वर माउलींचा ९६५ क्रमांकाचा आणि तुकोबांचा ९६५ जी क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. रस्ता रुंद झाला, दिंडीला मोकळं चालता येतं, वाहनांची भीती कमी झाली. याबद्दल मी कृतज्ञ आहे. दोन्ही कडांना पालखीसाठी वेगळा पायमार्ग करण्याचं त्या वेळी सांगितलं गेलं होतं. माझी मागणी त्या पायमार्गापुरती आहे. तो मातीचा ठेवा. मुरूम घालून दाबलेला, पाणी निचरणारा, पण मातीचा. रुंदीकरणात जुनी सावली गेली आहे. तिच्या जागी वड, पिंपळ, कडुनिंब, चिंच लावा. दर काही अंतरावर शौचालय बांधा, आत भिंतीला धरायला लोखंडी दांडी बसवा, आणि दोन-चार ठिकाणी तरी बसायची उंच सोय करा. या वाटेवर चालणाऱ्यांत पन्नाशी-साठीच्या पुढच्या बायका फार मोठ्या संख्येने असतात. त्यांचे गुडघे लक्षात घेऊन रस्ता बांधला, तर तो सगळ्यांनाच सुखाचा होईल.

ज्यांना पुढच्या आषाढीला निघायचं आहे त्यांनी चैत्रापासून सुरुवात करावी. खुर्चीवरून हात न टेकता उठणं आणि हळूहळू बसणं, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. पाठीवर झोपून सरळ पाय वर उचलून धरणं. आठवड्यातून एकदा लांब चालणं, आणि ते घरी वापरलेल्याच बुटांत. एक किलो वजन उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने कमी होतो, तेव्हा खांद्याला अडकवायच्या झोळीतही फक्त पाण्याची बाटली, मिठाची पुडी, मोज्यांचा जोड आणि टाळ. बाकीचं ट्रकमध्ये. स्टूलसुद्धा.